एक पान तुमचं, एक पान माझं

सासूबाई आमच्या घरी आल्या त्या आडव्याच आल्या. नवऱ्यानं त्यांना शिरूरहून टेम्पोत गादी अंथरून, दोन्ही बाजूंनी उशांचा टेका देऊन आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि या वयात ते जुळायची आशा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. दौंडात रेल्वेलाइनच्या अलीकडे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांची लोखंडी खाट लावली, तर दाराची एक फळी उघडेना. त्या दिवसापासून घरात येताजाताना सगळ्यांनी अंग चोरायचं, हे ठरूनच गेलं.

खाटेवर टेकल्या टेकल्या त्यांनी लेकाला दमलास का म्हणून विचारलं नाही. माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघून म्हणाल्या, "हिचा बाप्तिस्मा उरकला का?"

मी म्हटलं, "नाही, आत्या. अठरा वर्षांची झाली की तिचं ती ठरवेल. बाप्तिस्मा, दीक्षा, काय हवं ते."

"आन् तवर?"

"तोवर नुसती पोरगी."

त्यांनी डोळे मिटले. नवरा म्हणाला, "मला दोघींच्या मधे घेऊ नका," आणि टेम्पोवाल्याला चहा पाजायला गेला. पुढची तीन वर्षं तो हेच म्हणत होता, फक्त चहाच्या जागी कुरकुंभच्या केमिकल कंपनीतली शिफ्ट असायची.

खरं तर आम्ही दोघी एकाच मुळाच्या. त्यांची आजी पोटाला मिळेना तेव्हा शिरूरच्या मिशनात गेली आणि ख्रिस्ती झाली. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव पाटीत भरून नदीत सोडले. दोघं बाहेर पडले ते महारवाड्यातूनच, फक्त वेगवेगळ्या वाटांनी. नवऱ्याची आणि माझी ओळख एसटीत झाली. मी तेव्हा यवतच्या एका शाळेत तासिकेवर शिकवत होते. लग्न पुण्याला नोंदणी पद्धतीनं केलं. दोन्हीकडची माणसं परक्याच्या लग्नाला यावं तशी आली आणि जेवून गेली.

सासूबाई आल्या आणि माझी शाळा सुटली. घरात माणूस हवं होतं, आणि ते माणूस मीच असणार हे कुणी बोललंही नाही. नव्वदीचं दशक संपत आलेलं, माझं वय अठ्ठावीस, कडेवर पोरगी, आणि दिवसभर त्या अर्ध्या उघडणाऱ्या दाराच्या आत आम्ही तिघी. मालगाडी गेली की खाट थरथरायची. उन्हाळ्यात पत्रा तापायचा. मला कधी कधी वाटायचं की हाड त्यांचं मोडलंय आणि प्लास्टर माझ्या अंगावर घातलंय.

सासूबाई आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. म्हणजे हजारो माणसांच्या चादरी बदललेली बाई माझ्या हातून चादर बदलून घेत होती. "कोपरा दाब. न्हाई, आसा न्हाई. माणसाच्या पाठीला घडी रुतती." मी कोपरा दाबायची. त्यांना मला रागावणं पुरेना तेव्हा त्या देवाला मधे घालायच्या. जेवणाआधी डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना: "हे प्रभू, या ताटाबद्दल तुझे आभार. माझ्या सुनेला सुबुद्धी दे. भाजीत मीठ टाकताना तिचं ध्यान भलतीकडं जातं, ते जाग्यावर आण. आमेन." आता प्रार्थनेला उलट उत्तर कसं द्यायचं? माझ्या धम्मात वर कुणी बसलेलं नाही, त्यामुळे मला कुणाच्या आडून बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकदा न राहवून मी तसं बोलले. तर त्या खरोखर चकित झाल्या. "म्हंजी तुमच्यात वर कुणीच न्हाई? मग गाऱ्हाणं कुणाकडं करता?"

"एकमेकांकडं."

"आन् एकमेकांनी न्हाई ऐकलं तर?"

हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारायचं ठरवलं आणि विसरले.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना त्यांचं शास्त्र वाचून दाखवायला कुणी हवं होतं. महिन्यातून एकदा पाळक यायचे, प्रार्थना करायचे, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षाचा रस द्यायचे, पण एका दिवसानं त्यांचं कुठं भागणार? मला म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. वाच की."

मी म्हटलं, "वाचते. पण एक पान तुमचं, एक पान माझं."

लग्नात आबांनी मला बुद्धाच्या जीवनाचं आणि शिकवणीचं एक जाड पुस्तक दिलं होतं. ते मी ट्रंकेतून काढलं. सासूबाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "चालंल. पर आधी माझं."

दुपारी पोरगी झोपली की आम्ही वाचायला बसायचो. मी गंमत म्हणून अट घातली होती, पण खोटं कशाला बोलू, दिवसातला तेवढाच एक तास मला माणसात असल्यासारखं वाटायचं. सासूबाई भांडायला तयार असायच्या, मीही. एकदा त्यांच्या दहा आज्ञा आणि माझी पाच शीलं आम्ही बोटांवर मोजली. हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, ही चार जुळली. त्या खूष झाल्या. पाचवं दारूचं शील आलं तेव्हा त्या थोड्या अडल्या, कारण त्यांच्या प्रभूनं एका लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला होता.

मी म्हटलं, "आमच्या वस्तीत असं केलं असतं, तर बायकांनी आधी रांजण फोडले असते आणि मग नमस्कार केला असता."

त्या इतक्या हसल्या की खुब्यात कळ आली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्यातबी बायका त्येच करतील. पर लिवलंय ते लिवलंय."

पण सगळं हसण्यावारी जाणारं नव्हतं. एकदा पापाचं पान निघालं. माणूस पापातच जन्मतो आणि प्रभूशिवाय त्यातून सुटका नाही, असा त्याचा अर्थ. मी वाचता वाचता थांबले.

"तीन वर्षांच्या पोरीनं काय पाप केलं, आत्या?"

"तिनं केलं न्हाई. माणसाच्या जातीलाच ते चिकटलंय."

माझं डोकंच सणकलं. "माझ्या आजीलाही गावानं हेच सांगितलं होतं. मागल्या जन्मीचं पाप, म्हणून महारवाड्यात जन्मलीस, आता गप राहा. तुमचा पाळक आणि तो भटजी यांच्यात फरक काय मग?"

त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या हळू म्हणाल्या, "माझ्या आजीलाबी त्येच सांगितलं व्हतं. आमच्याकडं पाप सगळ्यांचं सारखं हाय, पाटलाचंबी आन् आपलंबी. आजीला त्येच आवडलं, म्हणून ती गेली."

मला हे कुणी कधी असं सांगितलं नव्हतं. ज्या वाक्यात मला बेडी दिसत होती, त्यात त्या आजीला बरोबरी दिसली होती. मी त्या दिवशी माझं पान वाचलंच नाही. चहा टाकला.

आमचं असंच चाललं असतं, तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण पोरीचा प्रश्न सुटलेला नव्हता, आणि तो सुटणारा नव्हता. सासूबाई मनापासून मानत होत्या की बाप्तिस्मा न घेता पोरीला काही झालं, तर ती देवाला दुरावेल आणि वर गेल्यावर आजी-नातीची गाठ पडणार नाही. माझ्या दृष्टीनं आजोबांनी घरातले देव सोडले ते नातीच्या लेकीला कुणी न विचारता दुसऱ्या देवाच्या हवाली करावं म्हणून नव्हे. दोघींनाही पोरगी जिवापाड प्रिय. त्यामुळे कुणी मागं हटायला तयार नव्हतं.

आणि एका दुपारी त्यांनी दवाखान्यातली गोष्ट सांगितली. प्रसूतीच्या वॉर्डात एखादं पोर जगत नाही असं दिसलं, की त्या ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या कपाळावर घालायच्या आणि प्रार्थना म्हणायच्या. दवाखान्यानं सांगितलेलं नव्हे, त्यांचं स्वतःचं. आधीच्या एका म्हाताऱ्या आयाकडून त्या हे शिकल्या होत्या. पाळक मिळाला नाही तर वेळेला कुणीही करावं, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "त्या पोरांच्या आयांना विचारायचात का?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "येळ नसतो गं."

झालं. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या उशाच्या स्टुलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि आतल्या खोलीत मांडणीवर नेऊन ठेवला. "पोरगी सांडते," म्हटलं. त्यांना आडव्यानं पिता यावं म्हणून तोटीचा कप होता. त्यात दोन घोट पाणी ठेवायची, आणि तेही पोरगी माझ्याजवळ असेल तेव्हाच. बाकी पाणी माझ्या हातून.

मी नळावर जाताना पोरीला बरोबर नेऊ लागले. दळणाला, किराणाला, परसाकडे जातानासुद्धा. शेजारची रेल्वेवाल्याची बायको म्हणाली, "अगं, चार वर्षांची व्हत आली, तिला खाली ठेवतच न्हाईस का?" मी म्हटलं, सवय झालीय. घरात असले तरी माझं एक लक्ष चुलीवर आणि एक आजीच्या हाताकडे. पोरीला ताप आला की मला तापाची कमी आणि त्या हाताची जास्त भीती. चालता न येणाऱ्या बाईवर मी राखण बसवली होती आणि राखणदारही मीच होते. विहारात दर रविवारी वंदना असायची, तिथं मी दीड वर्ष गेले नाही. आधी वेळ नव्हता म्हणून, नंतर तिथं बसून सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंतायचं तोंड राहिलं नव्हतं म्हणून.

वाचन मात्र बंद पडलं नाही. त्यातच एक दिवस दोन्ही पुस्तकांत मोहरी निघाली. त्यांच्या पानात मोहरीएवढी श्रद्धा असली तरी डोंगर हलतो असं होतं. माझ्या पानात एक बाई मेलेलं मूल उराशी धरून बुद्धाकडे येते, आणि तो तिला सांगतो, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार हिंडते. मोहरी प्रत्येक घरात असते, पण तसं घर मिळत नाही.

सासूबाई फटकन म्हणाल्या, "आमच्या प्रभूनं उठवलं आसतं पोराला. एका रांडमुंड बाईचा लेक त्यानं तिरडीवरनं उठवलाय. तुझ्या बुद्धानं काय केलं, तर मोहरी आणाय धाडलं!"

"आणि त्या गावातली बाकीची मेलेली? ती का नाही उठवली?"

"त्येची मर्जी."

"म्हणूनच बुद्धानं मर्जीवाल्याच्या दारात तिला उभं केलं नाही. शेजाऱ्यांच्या दारात पाठवलं."

मला वाटलं मी जिंकले. पण दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज माझं पान ऱ्हाऊ दे. ती मोहरीवाली पुन्यांदा वाच." वाचली. तिसऱ्या दिवशीही तीच वाचायला लावली. का, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला माझ्या विजयाची धुंदी चढली होती.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. आबांचा निरोप होता, चार वर्षं झाली, या वर्षी तरी माहेरी राहूला ये. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट होती. साडेतीनला सुटून चारपर्यंत घरी येतो म्हणाला. शेजारीण माहेरी गेली होती. सकाळी आठला सासूबाईंना चहा-चपाती दिली, पुसून घेतलं, चादर बदलली, कोपरे दाबले. पोरीला पांढरा फ्रॉक घातला. निघताना त्या म्हणाल्या, "तांब्या हितं ठेवून जा."

पोरगी तर माझ्याबरोबर चालली होती. तांब्या ठेवायला काहीच हरकत नव्हती. पण दीड वर्षात माझा हात त्या गोष्टीला असा सरावला होता की मी कप भरला, उशाशी ठेवला आणि म्हटलं, "हे येतीलच चारला." तांब्या मांडणीवरच राहिला. दाराला कडी लावली आणि यवतची एसटी पकडली, तिथून पुढं राहू.

राहूला मला मोकळं वाटलं, हे कबूल करते. निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, विहारात आबांनी म्हटलेलं त्रिशरण आणि पंचशील. मिरवणूक निघाली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. बायकांनी वाटेवर मांडव घालून माठ ठेवले होते. मला कुणीतरी ओगराळं हातात दिलं आणि मी दुपारभर पाणी वाटलं. येईल त्याला, जात न विचारता, नाव न विचारता. आजी सांगायची, याच गावात ती विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून. मी पोरीलाही एक पेला धरायला दिला. मला अभिमान वाटत होता.

संध्याकाळी सातला घरी आले तर कडी बाहेरून तशीच.

कुरकुंभच्या प्लँटमध्ये नियम होता, पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिॲक्टर चालू असतो. पुढच्या शिफ्टचा माणूस आलाच नाही. नवऱ्याला दुसरी शिफ्ट तशीच पुढं करावी लागली. त्याला वाटलं, मी दुपारी परत आले असेन. मला वाटलं, तो चारला आला असेल.

आत पत्र्याची धग होती. दुपारी लाइट गेली होती, पंखा बंद होता. तोटीचा कप खाली पडलेला. सासूबाई खाटेच्या कडेला सरकून अर्ध्या लोंबकळत होत्या, एक हात आतल्या खोलीच्या दिशेनं. चादर भिजलेली आणि वाळलेली. ओठांना पांढरे पापुद्रे आले होते, जीभ बाहेर येत नव्हती. मी तांब्या आणला, डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. पहिले काही चमचे गालावरून ओघळले. मग त्यांनी गिळलं. पोरगी दाराशी उभी राहून रडत होती, आणि मी तिला एकदाही गप्प केलं नाही.

तासाभरानं त्यांना बोलता यायला लागलं. आवाज खरवडल्यासारखा.

"मला ठावं हाय तू पानी लांब का ठेवतीस."

मी पुढचा चमचा भरला.

"पयल्या आठवड्यातच कळलं मला. आगं येडे, तांब्याभर पानी लागतं व्हय त्याला? बोट वलं केलं तरी पुरतं. तुझी पोरगी माझ्या उशाशी येती, माझ्या कपातलं चोरून पिती, माझ्या हाताला तोंड पुसती. तू भाकऱ्या थापतीस तवा. मला करायचं आसतं तर कवाच झालं आसतं."

"मग का नाही केलं?"

त्यांनी डोळे मिटले. "तू इचारलं व्हतं न्हवं, आयांना इचारता का म्हणून? एका बाईला न्हाई इचारलं. तुमच्यातलीच, जय भीमवाली. पयलं पोर. तिसऱ्या दिशी निळं पडाय लागलं. ती भाकरीचा तुकडा खायाला भाईर गेली आन् मी पानी घातलं. आली तवा तिनं माझा वला हात बघितला. सांजच्याला पोर गेलं. तिनं शिव्या दिल्या न्हाईत. येवढंच म्हणाली, माझं पोर माझं म्हणून तरी मरू द्यायचं व्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या दिसापास्नं आईला इचारल्याबिगर एकाबी पोराला मी हात लावला न्हाई. तुझ्या पोरीसाठी जीव तुटतो माझा. रोज तुटतो. पर तू व्हय म्हणत न्हाईस."

मी त्यांचे पाय धरले. "चुकलं माझं, आत्या." मला माझी लाज वाटली, आजपर्यंत कशाचीच वाटली नव्हती तेवढी. मी या बाईला दीड वर्ष चोर ठरवलं होतं. ज्यांना पाण्यापासून हाकललं त्यांची मी नात, आणि मी एका म्हातारीचं पाणी तोडलं. ते कुठल्या देवासाठी नव्हे, कुठल्या पुस्तकातही लिहिलेलं नाही. माझं मी केलं.

त्या म्हणाल्या, "चादर बदल."

तांब्या उशाशी आला तो कायमचा. वाचनही पुन्हा सुरू झालं, पण भांडणाची मजा गेली होती. पंधरा दिवस मी वाट बघितली आणि एका दुपारी पुस्तक मिटून सरळ विचारलं, "आत्या, मला माफ केलं का?"

"देवाकडं मागितलंस?"

"माझ्याकडे देव नाही. तुमच्याकडंच मागतेय."

 मालगाडी येऊन गेली.

"हे मागणं मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी चाळीस वर्सं मागतीया. देवानं मला माफ केलं. केलंच, त्यात मला शंका न्हाई. पर त्या बाईनं न्हाई केलं, आन् देवानं केलेलं मला पुरत न्हाई. हे मी पाळकालाबी कधी बोलली न्हाई."

"मग तुम्हाला कळतंय मी काय मागतेय."

"कळतंय म्हणूनच. आमच्या प्रभूचा हुकूम हाय, माफ कर म्हणून. तोंडानं म्हणू का? तोंडानं आत्ता म्हणते. पर तो दिस आठवला की मला अजून घसा कोरडा पडतो, आन् तुझा राग येतो. तुला तोंडाचं हवंय का?"

"नको."

"मग थांब."

मी थांबले. रोज चादर बदलताना, पान वाचताना, भाकरीचा तुकडा भरवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता मी पोरीला मोकळी सोडली होती. दार उघडं होतं, रविवारी विहारात जायलाही कुणी अडवत नव्हतं. तरी मी त्या खोलीतून हलू शकत नव्हते. कोण जाणे, मी भाजी आणायला जायचे आणि त्यांना तेव्हाच माफ करावंसं वाटायचं.

पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नवरा त्यांच्याजवळ राहिला. पोरीला गोवर निघालेला, म्हणून मी दौंडात. चौथ्या दिवशी त्या गेल्या. नवरा त्यांना घेऊन शिरूरला आला तेव्हा मी तिथं पोहोचले होते. लोक भोवती असताना, काही भान न ठेवता, मी त्याला पहिलं हेच विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

तो थकलेला होता. "सकाळी प्रार्थना म्हणत होती. सगळ्यांची नावं घेतली."

"माझं घेतलं?"

"सगळ्यांची म्हणजे तुझंही घेतलं असेल." माझा चेहरा बघून तो म्हणाला, "मी तेव्हा औषध आणायला खाली गेलो होतो गं. शेवटची दोन-तीनच ऐकली."

त्यांना मिशनच्या दफनभूमीत पुरलं. आबा राहूहून पांढरे कपडे घालून आले आणि सगळ्यांसारखी मूठभर माती टाकून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, केलेलं आपलं आपल्यापाशी राहतं, पोरी, ते दुसऱ्या कुणाला पुसता येत नाही. इथून पुढं नीट वाग, तेवढंच हातात आहे. घरी परत आल्यावर पाळकांनाही सांगितलं. ते म्हणाले, देवाच्या दयेपुढं काही उरत नाही, तो सगळं पुसतो, बाई. दोघंही मनापासून मला धीर देत होते, आणि दोघांचंही म्हणणं मला आजवर खोटं वाटलेलं नाही. पण मला एकाही धर्माचं उत्तर नको होतं. मला त्या म्हाताऱ्या बाईचं एक वाक्य हवं होतं. ते तिनं म्हटलं असेल किंवा नसेल, आणि मला थांब म्हणून सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, जा म्हणून सांगणारंही नाही.